अण्णांची सनावळी

माणूस पानावर बसला की आधी बघतो वरण कुठे, तूप कुठे. अण्णा बघतात सन कुठला. समोरचा पदार्थ कुठल्या शतकातला, त्यातला कुठला जिन्नस कुणाच्या कारकिर्दीत आणि कुणाच्या गलबतातून आला, हे जुळल्याशिवाय त्यांचा हात तोंडाकडे जात नाही. सारी नोकरी रेल्वेच्या हिशेब खात्यात गेली. व्हाउचर बघितल्याशिवाय काही मंजूर करायचं नाही, ही सवय हाडीमाशी खिळलेली. निवृत्तीनंतर तपासायला कागद उरले नाहीत, तेव्हा त्यांनी ताट तपासायला घेतलं.

राहायला रामघाट. सिंदिया घाटावरून गंगेच्या कडेकडेने उत्तरेला निघालात की भोसले घाट, मेहता घाट असं करत रामघाट लागतो. पुढे पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट. हा सगळा पट्टा काशीतल्या मराठी माणसांचा. अण्णांच्या घराण्यातला कोण कधी आणि कशासाठी इथे आला, ते त्यांनाही नक्की ठाऊक नाही. पण गोडा मसाला अजून पुण्याहून येतो, आमसुलं कोकणातून कुणी यात्रेकरू घेऊन येतो आणि घरात भांडण मराठीत होतं, तडजोड हिंदीत. खिडकी उघडली की सांगवेद विद्यालयातल्या मुलांची संथा कानावर येते. गागाभट्ट याच काशीतून १६७४ साली राज्याभिषेकासाठी रायगडावर गेले. त्या प्रवासात त्यांनी खाल्लं काय, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या एकाही इतिहासकाराला पडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. अण्णांना पडला. "दशम्या असणार," ते म्हणतात, "पण दशमीबरोबर ठेचा होता का?" हे प्रकरण त्यांच्या वहीत अजून 'प्रलंबित' या शेऱ्याखाली पडून आहे.

या दुखण्याची सुरुवात झाली ती के. टी. अचया यांच्या पुस्तकापासून. भारतीय अन्नाच्या इतिहासावरचं हे जाडजूड इंग्रजी पुस्तक १९९४ साली निघालं आणि बऱ्याच वर्षांनी अण्णांच्या हाती लागलं. ते त्यांनी हिशेबाच्या पुस्तकासारखं वाचलं, म्हणजे चूक सापडेल या आशेने. चूक सापडली, पण अचयांची नव्हे, काकूंची. आषाढी एकादशी होती. काकूंनी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याचा लाडू असं उपासाचं भरगच्च ताट समोर ठेवलं. अण्णांनी चष्मा लावला.

"हा साबुदाणा कसावाच्या कंदाचा. कसावा मूळचा ब्राझीलचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. मिरची मेक्सिकोकडची. बटाटा पेरूचा."

"पेरूचा कसा असेल? बटाट्याचाच आहे."

"पेरू देश! आणि पेरू फळ म्हणशील तर तेही तिकडचंच. रताळं तिकडचं, राजगिरा तिकडचा. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, त्याच्या आधी यातलं या देशात काही नव्हतं. हे उपासाचं ताट नाही, पोर्तुगीजांचं जहाज आहे."

काकूंनी कीस परत कढईत लोटला आणि साधाच प्रश्न विचारला, "मग त्याच्या आधी लोक एकादशीला काय करायचे?"

"उपास करायचे," अण्णा म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांना तो करावा लागला.

पुढच्या एकादशीपासून अण्णांसाठी वेगळी वरी शिजू लागली. मिरची नाही, मिरे. दाण्याची आमटी नाही, ताक. शिंगाड्याच्या पिठाची लापशी. काकू सांगतात की पहिले काही महिने ते घास घेऊन डोळे मिटायचे. समाधान की सहनशक्ती, ते त्यांना कळायचं नाही.

जुने पदार्थ चाखून बघायची हौस जगात पुष्कळांना असते. कुणी रोमन लोकांची पाककृती शोधून रांधतं, कुणी पिरॅमिडच्या काळचा पाव भाजतं. पण ही मंडळी महिन्यातून एकदा, पाहुणे बोलावून, मेणबत्त्या लावून हे करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टोस्ट खातात. अण्णांनी रोजचं जेवणच इतिहासाला जोडून दिलं. त्यासाठी दिवसाची वाटणी केली. पहाटे उठल्याबरोबर कुल्हडातला चहा लागतो आणि चहाशिवाय पोट साफ होत नाही. म्हणून पहाट इंग्रजांची. चहा पिऊन झाला की अण्णा गंगेत बुडी मारतात आणि वर येतात ते थेट वेदकाळात. न्याहारी जवाच्या सातूची. नऊच्या सुमाराला गल्लीत कचौड्यांचा घाणा पडतो, म्हणून नऊ ते दहा मोगलाई. दुपारी पेशवाई, कारण काकू आमटीत मिरची घातल्याशिवाय राहत नाहीत आणि पेशवाईत मिरचीला मज्जाव करता येत नाही. जेवणानंतरचं पान मात्र जहांगिराच्या अमलात खाल्लं जातं. त्यालाही कारण आहे. अण्णांना पानात तंबाखू लागते; विजापूरहून आलेल्या असद बेगाने तंबाखू मोगल दरबारात दाखवली ती अकबराच्या अगदी अखेरच्या दिवसांत. त्यामुळे पानाच्या वेळी अण्णा अकबराला घाईघाईने निजधामाला पाठवतात. याच जहांगिराने पुढे १६१७ साली तंबाखूवर बंदी घातली, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तो विषय निघाला की ते पिचकारी टाकायला उठतात.

गल्लीला हे वेळापत्रक पाठ आहे. अण्णा खाली उतरले की पानवाला विचारतो, "का गुरु, आज कउन जमाना चलत हौ?" बनारसमध्ये सगळेच एकमेकांचे गुरु असतात, पण अण्णांना हाक मारताना त्या शब्दावर किंचित जोर पडतो.

वेदकाळ त्यांनी सर्वांत मनापासून पाळला. त्याचा किराणाही शास्त्रशुद्ध भरला. रुद्रानंतर चमक म्हणतात, त्याच्या एका अनुवाकात यजमान देवाकडे धान्यं मागतो: तांदूळ, जव, उडीद, तीळ, मूग, गहू, मसूर, राळा, वरी, सावा, देवभात. घाटावरच्या प्रत्येक पोराला हे पाठ असतं, पण ती मागणी देवाकडे करायची असते. अण्णांनी ती बनियाकडे केली. स्वरासह. बनियाने ऐकून घेतलं आणि म्हणाला की गहू, मूग, मसूर घरपोच होईल, सावा नवरात्रात येईल, बाकीचं शंकरजींकडूनच घ्या. तूरडाळ यादीत नाही म्हणून अण्णांनी महिनाभर वरणाला तूर वापरू दिली नाही. काकूंनी मसुराचं वरण केलं. नातवाने पहिल्या घासाला ताट सरकवलं आणि "मला कलियुगात जेवायचंय" असं सांगून तो शेजाऱ्यांकडे गेला.

सातूचं मात्र सोपं होतं. भडभुंज्याकडे तो रोजचा माल. रिक्षावाले, हमाल, नावाडी दुपारी तोच खातात. मिठात मळायचा, कांदा फोडायचा, हिरवी मिरची चावायची. अण्णांनी जवाचा सातू मागितला आणि भडभुंज्याला सांगितलं की हे ऋग्वेदातलं अन्न आहे. त्याला याचं फारसं काही वाटलं नाही. "त पियाज-मरचा ना देईं?" एवढंच त्याने विचारलं. अण्णांनी त्याला ह्युएनत्संग सांगितला. सातव्या शतकात तो चिनी यात्रेकरू या वाराणसीलाही येऊन गेला, आणि कांदा-लसूण खाणाऱ्याला लोक नगराबाहेर काढतात असं त्याने लिहून ठेवलं आहे. भडभुंज्या म्हणाला, "आम्ही नगराबाहेरच राहतो, गुरु." तो सारनाथकडून रोज येतो.

अण्णा सातूत दही आणि मध कालवून खातात. त्याला ते करंभ म्हणतात. वेदांतल्या पूषा नावाच्या देवाला दात नसल्यामुळे हा करंभच द्यायचा असतो. अण्णांनाही दात नाहीत, कवळी आहे. त्यामुळे वैदिक देवतांपैकी पूषाशी त्यांचं विशेष सूत जमलं आहे. अपूपाशी मात्र जमलं नाही. अधिक मासात जावयाला तेहतीस अनारसे देतात ना, त्याचं मूळ या अपूपात. जुना अपूप जवाच्या पिठाचा असायचा, तूप-मधातला. गेल्या अधिकात नागपूरचे जावई आले. काकूंनी अनारशाचं पीठ भिजत घातलं होतं. अण्णांनी ते बाजूला ठेवायला लावून स्वतः जवाचे अपूप केले, तेहतीस. जावई सालस. पहिल्यात दाढ दुखावली तरी त्यांनी दुसरा घेतला. वहीत त्या दिवसाचा शेरा आहे: 'यवापूप. ऋग्वेदकाळ. चव बरी. ऋषींचे दात उत्तम असावेत.' एकतीस अपूप पुढे गायीला घातले. गाय बनारसची, तिने सगळं पचवलं.

कचौडीचा तास हा अण्णांच्या दिवसातला सर्वांत आनंदाचा आणि दुकानदाराच्या दृष्टीने सर्वांत तोट्याचा. कचौडीबरोबर जी रश्श्याची भाजी मिळते तिच्यात बटाटा, म्हणून ती अण्णा घेत नाहीत. नुसती कचौडी आणि वर जिलेबी. जिलेबीचे कागद तयार आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४३ साली जिलेबीच्या इतिहासावर लेख लिहिला. पंधराव्या शतकातल्या एका जैन ग्रंथापर्यंत त्यांनी तिचा माग काढला. तंजावरच्या मराठ्यांच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ नवहस्तांच्या 'भोजनकुतूहल' या सतराव्या शतकातल्या ग्रंथातही ती आहे. जिलेबी परकी म्हणून नाक मुरडणाऱ्याला अण्णा ही साक्ष काढून दाखवतात आणि तेवढ्यात आणखी दोन संपवतात.

तोट्याचं कारण वेगळं. बनारसीदास नावाचा जैन व्यापारी कवी होऊन गेला. त्याचा जन्म जौनपूरचा, पण नाव या काशीवरून पडलेलं. १६४१ साली त्याने 'अर्धकथानक' म्हणून पद्यात आत्मचरित्र लिहिलं. त्यात तो कबूल करतो की आग्र्याला खिसा रिकामा असताना एका कचौडीवाल्याकडे आपण कित्येक महिने उधारीवर कचौड्या खाल्ल्या. अण्णांनी हे वाचलं आणि त्या दिवसापासून मोगलाईतला व्यवहार रोखीने करणं सोडलं. दुकानदाराने महिनाअखेर हिशेब मागितला तेव्हा त्याला बनारसीदासाची कथा ऐकावी लागली. त्याने ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, शेवटी त्याने पैसे दिले की नाही? दिले होते. अण्णा लेखा विभागातले. खोटं सांगणं त्यांच्या जिवावर आलं.

मोगलाईचा दुसरा धडा महाग पडला. 'आईन-इ-अकबरी'मध्ये अबुल फज्लने शाही पाकशाळेतल्या पदार्थांची मापं लिहून ठेवली आहेत. त्यात खिचडी आहे: तांदूळ, डाळ आणि तूप, तिन्ही सारखेच. पाच शेर, पाच शेर, पाच शेर. अण्णांनी शेराची वाटी केली. पण प्रमाण मोडलं नाही. वाटीभर तांदूळ, वाटीभर मुगाची डाळ, वाटीभर तूप. हिशेबाच्या माणसाला तीन समान रकमांचं फार आकर्षण. रात्री दोन वाजता त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. तरुण डॉक्टरने विचारलं, काय खाल्लं होतं? अण्णा कळवळत म्हणाले, "अकबर." डॉक्टरने काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "काल सोमेश्वर खाल्ला होता, तेव्हा काही झालं नव्हतं."

सोमेश्वर म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. त्याच्या नावावरचा 'मानसोल्लास' ११२९ सालचा. राजाने कसं राहावं, काय ल्यावं, काय खावं हे त्यात बैजवार आहे. आपले मांडे आहेत, पुऱ्या आहेत, आणि इडलीची पणजी शोभावी अशी इडरिका आहे: उडदाच्या पिठाचे गोळे तुपात तळून वर मिरे, जिरे, हिंग. तांदळाचा पत्ता नाही. अण्णांनी ती केली आणि वाटीवाटीने गल्लीत वाटली. सगळ्यांनी उडदाचे वडे म्हणून खाल्ले आणि चटणी विचारली. याच ग्रंथात शेतातले उंदीर भाजण्याची कृतीही आहे. नातवाने ती अक्षर लावत लावत वाचली आणि पुढच्या रविवारची मागणी नोंदवली. काकूंनी त्या पानाला टाचणी लावून ते बंद करून टाकलं. अण्णा शाकाहारी, म्हणून त्यांच्या वाट्याला निम्माच इतिहास येतो. उरलेला त्यांनी जाता जाता 'अनुज्ञेय नाही' म्हणून निकालात काढला आहे. हे मला नेहमी खटकत आलंय. सारनाथ इतकं जवळ असूनही बुद्धाच्या शेवटच्या भोजनाचा विषय काढला की अण्णांना अचानक संध्येची वेळ होते.

पुण्याला मात्र त्यांनी मैदान मारलं. भाचीच्या लग्नाला गेले असताना कुणीतरी त्यांना 'शाही पेशवाई थाळी' खायला नेलं. वाढप्याच्या डोक्यावर पगडी, भिंतीवर शनिवारवाडा, थाळीत फ्लॉवरचा रस्सा. अण्णांनी वाढप्याला जवळ बोलावून शांतपणे सांगितलं, "बाळ, दुसऱ्या बाजीरावाने राज्य सोडलं १८१८ साली. फ्लॉवरचं बी विलायतेहून सहारनपूरच्या कंपनी बागेत आलं १८२२ साली. ही भाजी पोचेपर्यंत पेशवाई बुडून चार वर्षं झाली होती." पोरगा आत गेला. मालक बाहेर आला. मालकाने विचारलं, मग बदली काय देऊ? अण्णांनी अळू मागितलं. अळू नव्हतं, बदली म्हणून टोमॅटोची कोशिंबीर आली.

बाजारातून हिंडणं हा त्यांच्यासोबतच्या माणसाला शिक्षाच. सीताफळाचा हंगाम आला की विचारूच नका. सीताफळ अमेरिकेतलं, रामफळही अमेरिकेतलं. "रामाने उभ्या जन्मात रामफळ बघितलं नाही," असं ते रामघाटावर उभे राहून सांगतात. कथेला निघालेल्या बायका हात जोडून पुढे सरकतात. त्यांना वाटतं प्रवचन चालू आहे. एकदा ते झेंडूच्या माळांवर घसरले, कारण झेंडूही मेक्सिकोचा. तेव्हा माळीणबाईने त्यांना असं काही ऐकवलं, की फुलं खाद्यपदार्थांत मोडत नाहीत हा नियम त्यांनी जागच्या जागी केला.

या सगळ्यात अण्णांना निरुत्तर केलं ते एका नावाड्याने. संध्याकाळी पायऱ्यांवर अण्णा यादवकाळ समजावून सांगत होते. मांडे, पुरण, घारगे, क्षीर. नावाडी दोर वळत ऐकत होता. मध्येच म्हणाला, "गुरु, हमरे आजी अकाल में महुआ खाय के दिन काटत रहलीं. ऊ कउन जुग में आई?" अण्णांनी वही उघडली. दुर्गादेवीचा दुष्काळ त्यांना माहीत होता. १३९६ पासून बारा वर्षं महाराष्ट्र होरपळला असं सांगतात. पण त्या बारा वर्षांचा एकही पदार्थ त्यांच्या वहीत नव्हता. सोमेश्वराने लिहिलं, अबुल फज्लने लिहिलं, म्हणजे ज्यांच्या घरी खायला होतं त्यांनी लिहिलं. अण्णांनी 'महुआ' असं लिहिलं, पुढे सनाचा रकाना आला, तिथे ते बराच वेळ थांबले आणि रकाना कोरा ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाळलेला मोह आणून उकडून खाल्ला. शेरा लिहिला नाही. त्या आठवड्यात पेशवाईतही दोनच भाज्या झाल्या.

मग पितृपक्ष आला. काकूंनी महालयाची यादी काढली. ती त्यांच्या सासूबाईंनी घालून दिलेली, सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी. उडदाचे वडे, तांदळाची खीर, अळूचं फतफतं, कारलं, भोपळा, आल्याची आणि आमसुलाची चटणी, कढी. तिखटपणाला फक्त मिरे. बटाटा नाही, फ्लॉवर नाही, टोमॅटो नाही. अण्णांनी यादी वाचली आणि मटकन खाली बसले. सरस्वतीभवनातली हस्तलिखितं, चौखंबाच्या जुन्या छापील पोथ्या, अचया, गोडे, सगळं पालथं घालून त्यांनी जे गोळा केलं होतं ते त्यांच्याच माजघरात दरवर्षी शिजत होतं, आणि तेही दोन वेळा वाढून मिळत होतं. वर्षभर आम्ही काय वाट्टेल ते खातो आणि पितरांना मात्र जुनी चव राखून ठेवतो; इतिहासाचं खरं दफ्तर श्राद्धाच्या ताटात आहे, असं त्यांनी घाटावर जाहीर करून टाकलं. मला विचाराल तर अण्णांच्या एकंदर संशोधनातला हा एकच निष्कर्ष छापण्याच्या लायकीचा आहे.

पण लेखा तपासनीस इथेही गप्प बसेना. पान वाढून तयार, गुरुजी आसनावर, आणि अण्णांची नजर भोपळ्यावर गेली. लाल भोपळा. तो अमेरिकेतला.

"गुरुजी, भोपळा काढायला लागेल. १४९८ नंतरचा आहे."

गुरुजींनी दर्भ खाली ठेवला. "अण्णा, पान तुमच्या वडिलांना वाढलंय, वसिष्ठांना नाही. वडील भोपळा खायचे. मी त्यांच्या शेजारी बसून जेवलोय."

अण्णा वरमले असं मला आधी वाटलं. पण त्यांच्या डोक्यात भलतंच सुरू झालं होतं. वडिलांना, हे खरंच, भोपळा आवडायचा. पण त्याहून टोमॅटोचं सार आवडायचं. आणि चहा तर दिवसातून चार वेळा. पिंड तीन पिढ्यांचे. म्हणजे पान एक असलं तरी सन तीन झाले. आजोबांची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत चहाचे प्रचारक फुकट चहा पाजत हिंडायचे, त्यातला एक कप आजोबांनी चौकात घेतला आणि घरी येऊन अंघोळ केली. पुढे तेही सुधारले. पणजोबांना मात्र चहा ठाऊकच नसावा. तेव्हा वडिलांना चहा आणि सार, आजोबांना अर्धा कप, पणजोबांना ताक. अण्णांनी काकूंना हाक मारली आणि टोमॅटो आहेत का विचारलं.

"श्राद्धाला टोमॅटो?" गुरुजी कडाडले. "शास्त्रात बसत नाही."

"शास्त्र लिहिलं तेव्हा टोमॅटो या देशात नव्हता. मग निषेध कुठून येणार? दाखवा."

इतकी वर्षं टोमॅटोला दारात उभं न करणारा माणूस टोमॅटोचं वकीलपत्र घेऊन बसला होता. दोन गुरुजींमध्ये जुंपली. एक म्हणाले, आंबट फळांत बसवता येईल. दुसरे म्हणाले, रंग लाल आहे. भोपळ्याचा रंग कुठला आहे, असं अण्णांनी विचारलं. भात निवत चालला. सून पंखा घेऊन उभी होती ती खाली बसली. शेवटी काकू आतून आल्या. त्यांनी भोपळा होता तिथेच ठेवला, सार केलं नाही, आणि चहाचा एक कप पानाबाहेर, उजव्या हाताला ठेवून दिला. "हा श्राद्धातला नाही. मामंजींचा आहे," म्हणाल्या. गुरुजींनी कपाकडे न बघता संकल्प सांगितला.

जेवणं झाली, विडे झाले. मंडळी ओसरीवर टेकली आणि काकूंनी सहज विचारलं, "आणि पुढे तुमच्या पानावर काय वाढायचं ते सांगून ठेवा. आमची फजिती नको. सातू की इडरिका?"

अण्णा विचारात पडले. पूषा, सोमेश्वर, अकबर सगळे एकदम रांगेत उभे राहिले असावेत. तेवढ्यात नातू म्हणाला, "टमाटर चाट."

ओसरी गप्प झाली.

"आजोबा शनिवारी दशाश्वमेधला जातात ना, गोदौलियाच्या बाजूला. मी क्लासवरून येताना बघतो. दोन कुल्हड खातात. चाटवाला त्यांना विचारतो, का गुरु, आज कलजुग?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. अण्णांनी घसा साफ केला आणि अत्यंत गंभीरपणे सांगितलं की ते निरीक्षणासाठी जातात. त्या चाटमध्ये टोमॅटो अमेरिकेतला, बटाटा अमेरिकेतला, काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला. "पण वरून जे तूप सोडतात ते वैदिक. आणि आलं, जिरं, हिंग बघितलंत तर..."

"मग ठरलं," काकू म्हणाल्या. "टमाटर चाट."

अण्णांनी नाही म्हटलं नाही. धाकट्या गुरुजींनी थोरल्या गुरुजींकडे बघितलं. थोरल्यांनी विड्याची शीर काढली, चुना पुसला, आणि बराच विचार करून म्हणाले, "बिनाकांद्याची असेल तर बघू."